घराच्या माथ्यावरची सनई

हंगद्यान, ७ मार्च

बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही, उचलला तर आवाज ओळखून कापता. पत्र असं कापता येत नाही. फार तर चुलीत जाईल, पण त्याआधी पाकिटावरचं अक्षर तरी डोळ्यांखालून जाईलच, म्हणून लिहितोय. अक्षर माझंच आहे. मास्तर म्हणायचे, लाइशुनच्या ओळी म्हणजे डोंगर उतरणाऱ्या शेळ्या. पाचवीनंतर शाळाच सुटली, शेळ्या तशाच राहिल्या.

मी जिवंत आहे. हे आधी लिहून टाकतो, कारण गावात अजून निम्म्या लोकांना खात्री नाही असं आजोबा सांगत होते. दुकानवाल्या काकूच्या फोनवरून ते मला अधूनमधून फोन करतात, तुम्हाला ठाऊक असेलच, नसेल तर काकूवर रागावू नका. नव्या वर्षाच्या सणात ती मालिका लागली तेव्हा तुम्ही सगळे तिच्याच दुकानात टीव्हीपुढे सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होतात. पडद्यावरची म्हातारी काळ्या चौकटीतल्या फोटोला कवटाळून रडायला लागली, आणि फोटो माझा. बाबा, त्यांना एक मेलेला मुलगा हवा होता, तोही फोटोपुरता. मुकादम म्हणाला, "तुझं थोबाड कुणाच्याही मुलासारखं आहे, बस इथं." मी बसलो. अपशकुन उतरावा म्हणून चार पैसे घातलेलं लाल पाकीट दिलं त्यानं, रीत असते तसं. मी तीनदा थुंकलो. शेगडीवरून उडीपण मारली, विजारीला भोक पडलं. माझ्याकडून काही राहिलं नव्हतं.

काकू म्हणते, तुमच्या हातातल्या बिया खाली पडल्या. आणि त्यानंतर फोनवर तुम्ही मला एकच वाक्य बोललात, ज्याचा काळ्या चौकटीतला फोटो बघितला त्याच्याशी काय बोलायचं. तेव्हापासून नाही बोललात.

ठीक आहे. मी बोलतो.

तुम्हाला वाटतं मी मरणाचा पोरखेळ करतो. पण बाबा, कुणाच्या घरी माणूस गेला की तुम्ही पितळी तोंडाची सनई घेऊन निघता, आणि इथं कुणाला माणूस मारायचा असला की मुकादम मला हाक मारतो. तुम्ही खऱ्यापुढे वाजवता, मी खोट्यात पडून राहतो. आपल्या दोघांचं जेवण एकाच भांड्यातून येतं असं मला कधी कधी वाटतं.

काम सांगतो. या हंगद्यानला दिवसभर लढाईच्या मालिका काढतात. सकाळी मी आपला सैनिक असतो, जेवणानंतर जपानी. सकाळी ज्या भिंतीआडून गोळी झाडली, दुपारी त्याच भिंतीपुढे ती येऊन लागते. म्हणजे मला मारणारा मीच. नायक मरतो तेव्हा त्याला घाई नसते. छातीची चाळण झालेली असते, तरी आईला निरोप, गावाला निरोप, मग देशाला निरोप, आणि बाकीचे त्याला हलवून हलवून रडतात. आम्ही आजूबाजूला मरून पडलेले, नाकावर माशी. हलायचं नाही. मला तिथंच झोप लागते. त्या झोपेत जे दिसतं ते माझं की त्या मेलेल्याचं, हे मला ठरवता येत नाही. बहुतेक वेळा आपला उतार असतो, पिवळी माती उडत असते, आणि तुम्ही सनई घेऊन पुढे चाललेले असता. मागं शवपेटी नाही, माणसं नाहीत, कुणीच नाही. तरी तुम्ही वाजवत चालता. मग कुणीतरी लाथेने उठवतं, की ऊठ रे, दुसऱ्या बाजूने मर.

आता कामाला नवीन ठिकाण मिळालंय. जपानहून एक बाई आली आहे सिनेमा काढायला. लढाईबिढाई नाही. एकच म्हातारा मरतो, तोही घरात. सगळा सिनेमा तेवढ्यावरच.

लाइशुन

*

हंगद्यान, २४ मार्च

बाबा,

पत्र चुलीत गेलं नाही म्हणे. सनईच्या पिशवीत आहे, असं आजोबा म्हणाले. मी काही म्हणत नाही. नुसतं कानावर आलं ते लिहिलं.

त्या बाईचं नाव त्सुकुदा. साठी उलटलेली, उंचीला आपल्या चुलीच्या ओट्याएवढी, केस पांढरे, बोलणं इतकं हळू की दुभाषी मुलगी ओउयांग तिच्या तोंडाजवळ कान नेते. तिची गोष्ट अशी : आपल्याकडची एक मुलगी लग्न होऊन जपानला गेली. बाप गेल्याचं कळून घरी येते, तोवर उशीर झालेला. मग ती त्याला पुसते, कपडे चढवते, पेटीत ठेवते. संपलं. एवढंच.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. आपल्या बाजूचा सहायक ग्वान, मोठ्या आवाजाचा माणूस, त्याने रडणाऱ्या बायका आणून उभ्या केल्या होत्या. चांगल्या कसलेल्या, शिट्टी वाजली की डोळ्यांतून धार. त्सुकुदाबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि परत पाठवलं.

ग्वान म्हणाला, "बाई, रडल्याशिवाय माणूस मेला हे लोकांना कळणार कसं?"

बाई म्हणाल्या, "तो उठत नाही, यावरून."

"आमच्याकडे बाप मेला आणि पोरगी रडली नाही तर गाव तिच्या तोंडावर थुंकेल."

"आमच्याकडे ती रडली तर लोक तिच्याकडे बघतील. मग बापाकडे कोण बघणार?"

ग्वान ओउयांगला म्हणाला, हिला विचार, जपानी लोकांना अश्रू रेशनवर मिळतात का. ओउयांगने ते भाषांतर केलं नाही. बाईंनी मात्र चेहऱ्यावरून ओळखलं आणि हसल्या. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, अगदी आम्हा कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुडद्यांनासुद्धा, की घरात माणूस गेला की पहिल्यांदा काय ऐकू येतं.

कुणी म्हणालं हंबरडा, कुणी म्हणालं फटाके. मी बोलणार नव्हतो. पण तोंडातून निघून गेलं, की किटलीचं झाकण. आई गेली तेव्हा किटली चुलीवर होती, झाकण थडथडत होतं, आणि ती उतरवायची असते हे घरातल्या कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पाणी संपेपर्यंत ते वाजत राहिलं. तुम्हाला आठवतं का मला माहीत नाही. आपण कधी बोललो नाही त्याबद्दल.

बाईंनी मला जवळ बोलावून नाव विचारलं. तेव्हापासून मी मुडदा नाही, सामान उचलणाऱ्यांत आहे. पगार जवळजवळ तेवढाच, पण मान ताठ ठेवता येते.

कॅमेरावाले इनुइकाका पण जपानचेच. मेलेल्याचा प्रसंग झाला की खिशातून मीठ काढतात आणि स्वतःच्या खांद्यावर टाकतात. आपली पोरं खूप हसली. मग ग्वानने लाल पाकिटं वाटली तेव्हा इनुइकाका हसले. आता पोरं त्यांच्याकडून मीठ मागून घेतात आणि ते पाकीट घेतात. मरणाच्या बाबतीत सगळेच टरकलेले, बाबा, नुसती औषधं वेगळी.

अडचण एकच आहे. मरायला म्हातारा मिळत नाही. एक आला तो पेटी बघून परत गेला. दुसऱ्याला झोपवलं तर त्याचा मुलगा धावत येऊन ओरडला, "माझ्या बापाला बाहेर काढा आधी." पेटीपण बाईंना पसंत नाही. म्हणतात, ही कालची आहे, हिच्याकडे बघून कळतं की हिची कुणी वाट पाहिलेली नाही. आपल्या भागात म्हातारे हयातीतच पेटी करून घेतात, दरवर्षी रोगणाचा हात देतात, तिला आयुष्याचं लाकूड म्हणतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यामुळे हल्ली बाई नकाशात आपला तालुका शोधत असतात.

कुणी सांगितलं कोण जाणे.

लाइशुन

*

हंगद्यान, ११ एप्रिल

बाबा,

मीच सांगितलं. आजोबांची पेटी, सुरूच्या लाकडाची, बाजूच्या खोलीत, तिच्यात राळ्याची पोती, उन्हाळ्यात पोती काढून आजोबा दुपारची झोप तिच्यात काढतात कारण गार असतं, हे सगळं मीच सांगितलं. पण आजोबांचं नाव मी पुढे केलं नाही. ते त्यांनी स्वतः केलं. काल फोन आला.

"लाइशुन, ती जपानी बाई मढं शोधतेय म्हणे?"

"मढं नाही आजोबा. मढ्याचं काम करणारा."

"तेच ते. मी काय वाईट आहे? पेटी माझ्या मापाची आहे. आणि श्वास म्हणशील तर सनईवाला आहे मी. नाकाने घ्यायचा नि गालाने सोडायचा, छाती हलतेय हे कुणाच्या बापाला कळणार नाही."

मी म्हटलं, तुम्हाला पैसे कशाला हवेत.

"पैसे कुणाला पाहिजेत लेका. मला तुझ्या बापाची सनई ऐकायचीय."

मी म्हटलं, रोज तर ऐकता.

"ती दुसऱ्यांसाठी असते. दरीच्या अल्याडपल्याड किती जणांचे बाप त्यानं पोचवले. माझ्या वेळी त्याने काय करायचं? पांढरं गोणपाट नेसून गुडघ्यावर बसायचं. सुतकातल्या मुलाने वाद्याला हात लावायचा नाही. मग वाजवणार कोण? ते शहरातलं पथक, ट्रकवर बाई नाचवणारं. ओठ फुटेस्तोवर मी त्याला ती पोचवायची धून शिकवली, आणि माझ्याच वेळी नाही."

मी म्हटलं, "आजोबा, तेव्हा तुम्ही ऐकायला नसालच."

"म्हणून तर आत्ता म्हणतोय. सिनेमातलं मरण आहे. त्यात सुतक नाही, त्याला वाजवता येईल. ऐकताही येईल मला."

बाबा, मी त्यांना हो म्हटलं नाही. त्सुकुदाबाईंना विचारतो म्हटलं. मला वाटलं बाईच नाही म्हणतील, आणि तसंच झालं. आजोबा चालतील, पेटी चालेल, आपलं डोंगरात कोरलेलं घर चालेल, सनई नको. म्हणाल्या, संगीत सुरू झालं की माणसं मरणाकडे बघायचं सोडतात. त्यांचे वडील गेले तेव्हा दहनानंतर सगळ्यांनी काड्यांनी हाडं उचलून कुंभात ठेवली, दोघादोघांनी मिळून एक एक. कुणी बोललं नाही. हाड कुंभाच्या तळाला लागायचं तेव्हाचा बारीक आवाज, तेवढाच. तो आवाज त्या अजून शोधतात, कुठल्याच सिनेमात तो त्यांना जमलेला नाही.

हे मी आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "विचार तिला, त्याच काड्यांनी मग जेवतात का?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, नाही, त्या वेगळ्या असतात. आणि इतक्या हसल्या की ओउयांग घाबरली.

तुम्ही काय म्हणता?

लाइशुन

*

हंगद्यान, ३० एप्रिल

बाबा,

तुम्ही काय म्हणता ते कळलं. आजोबांनी तुमचा आवाज काढून सांगितलं : ती धून वाजली की माणूस उठून चालायला लागतो, ती वाजवली आणि तो मागं राहिला असं कधी झालेलं नाही. आजोबा म्हणतात, "मी त्याला म्हटलं, गाढवा, तो आधीच गेलेला असतो म्हणून तू वाजवतोस." पण तुम्ही ऐकत नाही म्हणे. जिवंत बापापुढे वाजवणं म्हणजे त्याला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढणं, असं म्हणून तुम्ही जेवणावरून उठलात.

मला आधी राग आला. वाटलं, माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढताय. मग परवा दुपारी सामानाच्या गाडीत डोळा लागला आणि एक विचित्र दिसलं. पडद्यावर तुम्ही होता, काळ्या चौकटीत, आणि मी दुकानात बिया सोलत होतो. माझ्या हातातल्या बिया पडल्या, खाली बघतो तर त्या उगवायला लागलेल्या, फरशीतून, पिवळी फुलं, पार छतापर्यंत. त्यांच्या मधून मला टीव्ही दिसेना. मी फुलं बाजूला करत होतो, तर मागं अजून फुलं. उठलो तेव्हा गाडीत नुसत्या सतरंज्या होत्या.

तर मला थोडं कळलं तुम्हाला काय होतं ते. थोडंच.

पण आजोबांचंही मला कळतं. दरवेळी फोनवर विचारतात, "काय म्हणाला तुझा बाप?" जसा मी त्यांच्या घरात राहतो आणि तुम्ही हंगद्यानला. तुम्ही दोघं एका ताटलीतून शेवया खाता, एका पलंगावर झोपता आणि एकमेकांचे निरोप माझ्याकडून घेता. मी हजार कोसांवर.

आम्ही अठरा मेला निघतोय. आजोबांनी करारावर अंगठा दिला. पेटी ते स्वतः पुसताहेत. राळे कुठं ठेवले ते मला विचारू नका.

मी बाईंना परत विचारलं. सनई वाजली तरी त्या आवाज घेणार नाहीत. तेवढा तुकडा मुका ठेवणार. चित्र त्यांचं, आवाज ज्याचा त्याला. ग्वान म्हणाला, मग वाजवायचं कशाला.

लाइशुन

*

घरी, २३ मे

बाबा,

हे यांगच्या पोराच्या हाती पाठवतोय. तुम्ही दरीपलीकडे त्याच्या बापाकडे जाऊन राहिलात हे आल्या आल्या कळलं. शिष्याच्या घरी गुरू किती दिवस राहणार, त्याच्या बायकोला रोज चांगलंचुंगलं करावं लागत असेल.

उद्या सकाळी चित्रण आहे. ऊन ओसरीतून आत पलंगापर्यंत येतं ती वेळ धरली आहे. आजोबांनी दाढी केली, नवे निळे कपडे घातले, खरोखरीच्या वेळेसाठी शिवून ठेवलेले. त्सुकुदाबाईंना ते गावभर फिरवून आणतात, बोरीची झाडं दाखवतात. बाईंना आपली भाषा येत नाही, आजोबांना त्यांची, आणि दोघं तासभर बोलतात. आज जेवताना म्हणाले, "बाई समंजस आहे. फक्त तिच्या लोकांना ओरडून रडू द्यायला पाहिजे कुणीतरी."

तुमच्याबद्दल मला काही विचारलं नाही. दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन दरीकडे बघतात, इतकंच.

मी बोलावत नाही. मी बोलावलं तर येणार नाही हे मला माहीत आहे.

लाइशुन

*

रेल्वेत, ९ जून

बाबा,

डबा हलतोय, शेळ्या आज फारच सैरावैरा आहेत.

तुम्ही आलात, वाजवलंत आणि माझ्याकडे न बघता दरी उतरून गेलात. मी हाक मारली नाही. तुमच्या पाठीकडे बघत उभा राहिलो, मग सामान आवरलं. मग दहाबारा दिवस दुसऱ्या गावांत काम होतं. तुम्ही घरी परतल्याचं काकूकडून कळलं. तुम्ही आणि आजोबा एकमेकांशी त्यातलं काहीएक बोलत नाही, दोघंही हवेबद्दल बोलता, असंही तीच म्हणाली. म्हणजे घराच्या आत काय झालं ते तुम्हाला अजून कुणीच सांगितलेलं नाही. तुम्ही वर होतात. मी आत होतो. म्हणून मी लिहितो.

सकाळी सगळं बाईंना हवं तसं लागलं होतं. आजोबा पेटीत, हात छातीवर, ऊन त्यांच्या बुटांपर्यंत. मुलीचं काम करणारी नटी ओल्या फडक्याने त्यांचा हात पुसत होती. मी चुलीशी, किटलीचं झाकण वाजत ठेवायला. तेवढाच आवाज त्या घेणार होत्या. इनुइकाकांचा कॅमेरा चालू. आजोबा असे काही मेले होते बाबा, मी एवढे मुडदे बघितले, स्वतः झालो, पण असा नाही. नटीलासुद्धा वाटलं खरंच.

आणि तेव्हा धुराड्यातून सनई उतरली.

मला आधी कळेना कुठून येतेय. दारातून नाही, खिडकीतून नाही. डोंगराच्या आतूनच यायला लागली. माती झरते ना पावसाळ्यात छतातून, बारीक, तशी. मग उमगलं की तुम्ही घराच्या माथ्यावर आहात, वरच्या पायरीच्या शेतात, बोरीखाली. म्हणजे घरात पाऊल टाकलं नाहीत, पेटी बघितली नाहीत, बापापुढे वाजवलं असंही कुणी म्हणू शकणार नाही. तुम्ही जमिनीसाठी वाजवत होतात, जमिनीखाली आम्ही होतो.

आवाज घेणाऱ्या माणसाने कानावरचं यंत्र काढलं आणि बाईंकडे बघितलं. ग्वान थांबवायला पुढे झाला. बाईंनी नुसता तळहात उचलला, कॅमेरा चालूच. मी किटली उतरवली. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती वाजत राहावी असं वाटेना.

आजोबा हलले नाहीत. पण त्यांची बोटं हलली. छातीवर ठेवलेली, आधी करंगळीशेजारचं, मग सगळी. एक एक भोक दाबत, सोडत, तुमच्याबरोबर. कधी तुमच्या जरा आधी. नटीने हात पुसायचं थांबवलं, नुसता धरून बसली, म्हणजे बोटं तिच्या हातात वाजत होती. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. कानात साचलं. ते पुसायला हात उचलला नाही त्यांनी, मेलेले होते ना.

मग ते चढाचं वळण आलं, जिथं सूर खूप लांब जातो. तिथं तुमचा श्वास तुटला बाबा. मी लहानपणापासून ऐकतोय, तुमचा श्वास कधी तुटत नाही. त्या दिवशी तुटला. का ते मी विचारत नाही. तेवढ्या पोकळीत पेटीत आजोबांची छाती अशी भरून वर आली, जणू तुमच्या वाटणीचा श्वास त्यांनी घेतला. ग्वान माझ्या कानाशी म्हणाला, "मेलं आता. मढ्याने श्वास घेतला, तुकडा गेला." वर तुमचा सूर पुन्हा लागला, तेव्हा छाती हळूहळू खाली बसली.

तुकडा गेला नाही. बाईंनी तो तसाच ठेवलाय. संध्याकाळी म्हणाल्या, सिनेमात बघणाऱ्यांना काही ऐकू येणार नाही. शांत खोली दिसेल, ऊन दिसेल, आणि मेलेला बाप एकदाच श्वास घेईल. लोक म्हणतील दिग्दर्शिकेची चूक राहिली. म्हणू देत. त्यांच्याकडे पहिल्या रात्री मेलेल्याशेजारी अंथरूण घालून झोपतात, तेव्हा प्रत्येकाला तो श्वास घेताना दिसतो, फक्त सकाळी कुणी बोलत नाही. इनुइकाकांनी त्या दिवशी खांद्यावर मीठ टाकलं नाही, विसरले की टाकावंसं वाटलं नाही, कोण जाणे. आणि ग्वान, मोठ्या आवाजाचा, अंगणात जाऊन हुंदके देत बसला होता, त्याला त्याचा बाप आठवला.

तुमची सनई थांबली. सगळं थांबलं. बाईंनी काम संपल्याचं सांगितलं, दिवे मालवले, आणि आजोबा उठेनात.

मला वाटलं, धून त्यांना घेऊन गेली. तुमचीच भीती ती. मी पेटीवर वाकून हाक मारली. परत मारली.

डोळे मिटूनच म्हणाले, "थांब रे. शेवट यायचाय."

मी म्हटलं, आजोबा, संपली धून.

"नाही संपली. पेटी उचलताना वाजतो तो भाग राहिलाय." कान देऊन पडून राहिले. बाहेर वाऱ्याने बोरीची पानं हलत होती, फुलांचा वास आत येत होता, दरीत कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. आम्ही सगळे उभे. ओउयांगला काही भाषांतर करायचं नव्हतं.

मग त्यांनी डोळे उघडले आणि कितीतरी वेळ छताकडे बघत राहिले. मी हात दिला तेव्हा उठून बसले.

"शेवट वाजवला नाही त्याने," म्हणाले. "ठेवून घेतला." आणि हसले, दात नसलेलं सगळं तोंड उघडून. "भित्रा लेकाचा. बापाला सोडवत नाही त्याला."

मी म्हटलं, बाबांना सांगू का?

"तोंडाने सांगितलं की आमचं भांडण होतं. तू लिहितोस तर लिही. लिही, की चढाच्या वळणावर घाई केलीस. बाकी बरं होतं." मग निळ्या बाहीने कान पुसला आणि उतरायला पाय बाहेर काढला. "आणि लिही, की माझी खरी वेळ येईल तेव्हा ट्रकवाल्यांना बोलवू नकोस. कुणालाच नको. तू आपला गोणपाट नेसून बस. माझं वाजून झालंय. राहिलेला शेवट तेवढा मी जाता जाता गुणगुणेन."

लाइशुन